मागची खोली हार्तोयोची

अल्लाच्या नावाने.

मी, कुस्वाती, मार्सुदी यांची विधवा, वय एकाहत्तर, धंदा नारळाच्या विंगको वड्या भाजून विकणे (सध्या बंद, भट्टी मात्र चालू स्थितीत आहे), राहणार समुद्र इंदा वसाहत, गल्ली सहा, उत्तर सेमारांग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा दानांग गेल्या वर्षीच्या ईदला चारचौघांत "आईचं डोकं ठिकाणावर नाही" असे बोलला होता. डॉक्टर म्हणाले, डोके ठीक आहे, झोप तेवढी नाही. झोप नसलेल्या माणसाने मृत्युपत्र करू नये असा कायदा नाही, हे मी विचारून घेतले आहे.

माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याचे काम या घरात आजवर मीच करत आले. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे लिहिली. एकात घर विकावे असे होते, दुसऱ्यात विकू नये असे. दोन्ही रद्द समजावीत.

कलम पहिले. घर.

कोपऱ्यावरचे घर, पुढचे अंगण आणि मागची खोली, अशी ही मिळकत. पूर्वेस गल्ली, पश्चिमेस नाला, दक्षिणेस शेजारी लिम ग्वान होक यांचे घर. उत्तरेस आम्ही आलो तेव्हा मासळीची तळी होती, मग रस्ता झाला, आता पुन्हा पाणी आहे. उत्तरेला काय लिहावे हे दर पावसाळ्यात बदलते. माझे पती वारल्यावर दोन्ही मुलांनी आपापला हक्क लेखी सोडला, त्यामुळे घर आज माझ्या एकटीच्या नावावर आहे.

हे घर कसे घेतले ते मुलांना अर्धेच ठाऊक आहे. आम्ही तेव्हा सासूबाईंकडे चुलीपलीकडच्या एका खोलीत राहत होतो. दानांग अंगावर पीत होता. मी मार्सुदींना सांगितले होते, "एक तर घर घ्या, नाहीतर बाळाला घेऊन मी देमाकला माहेरी जाते. मग बसा आईच्या चुलीपाशी." माझा धाकटा दीर हार्तोयो तेव्हा या वसाहतीची घरे विकायचा. कडक इस्त्रीचा सदरा घालून आला आणि म्हणाला, "वहिनी, आज तळी दिसतायत. दहा वर्षांनी बघा. समुद्राकडची जागा म्हणजे सोन्याची वीट." वीट सोन्याची असली तरी पाण्यात बुडतेच, हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही. आम्ही घर घेतले. हार्तोयोने स्वतःसाठी मात्र दक्षिणेला डोंगरावर बांधले.

तिसऱ्या वर्षी दाराशी भरतीचे पाणी आले. जमीन खचत होती. आम्ही ट्रकभर लाल माती आणून फरशी उचलली. काही वर्षांनी पुन्हा उचलली. मग पुन्हा. फरशी वर येत गेली आणि छप्पर होते तिथेच राहिले. खिडक्या गुडघ्याला लागू लागल्या. मार्सुदी उंच होते. न्हाणीच्या दारात रोज कपाळ आपटायचे आणि रोज दाराचीच माफी मागायचे. शेवटी छप्परही उचलले. आजच्या फरशीखाली आणखी चार फरश्या आहेत. सगळ्यात खालची हिरवी. तिच्यावर दानांग रांगायला शिकला. एवढे कमावले ते गुंतवले कुठे, असे मुलांनी विचारू नये. गुंतवणूक जागच्या जागी आहे. पायाखाली.

मला या घरात एक दिवस स्वस्थता लाभली नाही. वीस वर्षे दर रविवारी मी नवऱ्याला ओढत डोंगरावरच्या नव्या वसाहतींची नमुना-घरे बघायला नेत असे. ते फुकटचा चहा प्यायचे, कोरड्या भिंतीवर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "छान आहे. पुढच्या वर्षी बघू." परतीच्या बसमध्ये मी हार्तोयोच्या नावाने बोटे मोडायची. मार्सुदी खिडकीबाहेर बघत बसायचे.

कलम दुसरे. भट्टी, पितळी साचे, नारळ खवण्याचे यंत्र आणि पिठाचे मोठे डबे माझी मुलगी निकेन हिला द्यावेत. ती बाताम बेटावर कारखान्यात नोकरीला आहे आणि म्हणते, "आई, मी ते घेऊन काय करू?" काय करायचे ते तिचे तिने ठरवावे. दोघा भावंडांची शाळा त्या साच्यांतून निघाली आहे, म्हणून भंगारवाल्याला विकण्याआधी निदान एकदा भट्टी पेटवावी.

कलम तिसरे. पाण्याचा लहान पंप तिसऱ्या गल्लीतल्या हाजी मुंताहांकडे आहे. मागायला गेले की ते म्हणतात, "उद्या नक्की." पंप त्यांनाच दिला असे समजावे. पण दिला आहे हे त्यांना सांगू नये. खुशाल लपवत राहू द्यावे.

कलम चौथे. हे लिहायला मी तीन वेळा बसले आणि तीन वेळा उठले.

मार्सुदी वारले त्यानंतर तिसऱ्या पावसाळ्यात, निकेन बातामला गेली त्याच वर्षी, हार्तोयोचा डोंगर सरकला. माणसे वाचली, घर मधोमध दुभंगून खाली आले. आम्ही ज्या लाल मातीने घर उचलत होतो ती त्याच बाजूची, असे ट्रकवाले सांगत. खणण्याने डोंगर सरकला की पावसाने, देव जाणे. त्याची बायको आधीच गेली होती, मूल नाही. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कवडा पक्ष्याचा पिंजरा, असा तो माझ्या फाटकाशी उभा राहिला.

"वहिनी, चार दिवस."

"ये. डोकं सांभाळ, मागचं दार बुटकं आहे."

त्या चार दिवसांना आता नऊ वर्षे होतील. मी त्याला जेवू घातले आणि टोचूनही खाल्ले. भरती आली की म्हणायची, "बघ रे, तुझी सोन्याची वीट भिजली." तो फडके घेऊन पाणी टिपायला बसायचा. दानांग तर त्याला काकासुद्धा म्हणत नसे. "ते गृहस्थ जेवले का?" असे विचारायचा.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, लख्ख उन्हात, मी अंगणात पीठ वाळत घातले होते आणि किनाऱ्याचा बांध फुटला. आभाळात ढग नाही, वारा नाही, आणि गल्लीतून माणूस चालत यावा तसे पाणी आले. पिठाचा डबा उचलेपर्यंत कमरेला लागले. विटांवर उचललेली भट्टी ही घरातली सर्वात उंच जागा. हार्तोयोने मला वर चढवले, पिंजरा वर दिला आणि मग स्वतः चढला. गार भट्टीवर आम्ही दोघे म्हातारे कोंबड्यांसारखे पाय दुमडून बसलो. समोरून माझे पाट, चपला, भांडी तरंगत चालली होती. माझ्या जिभेचा तोल गेला.

"आला बघ तुझा समुद्र घरी, भेटायला! खरं सांग, विकतानाच माहीत होतं ना तुला?"

तो कवड्याकडे बघत राहिला.

"बोल ना! दात पडले तरी खोटं धरून बसणार आहेस का?"

"माहीत होतं," तो म्हणाला. "मापं घ्यायला आलेला माणूस बोलला होता. भराव कच्चा आहे, बसत जाणार."

"आणि तू सख्ख्या भावाच्या गळ्यात—"

"दादाला सांगितलं होतं, वहिनी. पैसे भरायच्या आधी, कचेरीच्या मागे नेऊन. नको घेऊस म्हटलं."

"खोटं बोलतोस."

"तो म्हणाला, दुसरीकडे मला झेपत नाही, आणि ती आता त्या खोलीत राहायची नाही. बाळाला घेऊन जाईल. तिला सांगू नकोस."

"मग इतकी वर्षं मी तुला जे बोलले..."

"तेही त्यानंच ठरवलं होतं. म्हणाला, घर खचलं की ती शिव्या देणारच. मला दिल्या तर मला घरात राहता यायचं नाही. तू वर डोंगरावर राहणार, तुला ऐकू येणार नाहीत." मग म्हणाला, "इथे राहायला आलो तेव्हापासून ऐकू यायला लागल्या."

मी गप्प बसले. माझे माहेर, सासर आणि ही गल्ली साक्ष देईल की असे पूर्वी झाले नव्हते. मला एकच आठवत राहिले. दर ईदला हार्तोयो यायचा तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे, आणि मार्सुदी, ज्यांनी आयुष्यात स्वतःसाठी पाणी ओतून घेतले नाही, ते भावाचा चहा स्वतःच्या हाताने ओतायचे. साखर ढवळून पुढे ठेवायचे. मला वाटे, हा माणूस किती भोळा.

संध्याकाळी होडीवाले आले. तेव्हापासून माझा राग या खोलीतून त्या खोलीत फिरतो आहे, त्याला बसायला जागा नाही. नवऱ्यावर काढावा तर तो डोंगरावरच्या कबरस्तानात. स्वतःवर काढावा तर मी मागितले होते घर, बुडणारे घर नव्हते मागितले.

म्हणून लिहून ठेवते. वारसांत नसलेल्या माणसाला मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंत देण्याची धर्माने मुभा दिली आहे. ती मी पुरती वापरते, वीतभरही राखत नाही. या घराचा एक तृतीयांश हिस्सा, मागच्या खोलीसह, माझा दीर हार्तोयो याला द्यावा. तो हयात असेतो त्याच्या सहीशिवाय घराची विक्री होऊ नये, आणि त्याला कोणी "चार दिवसांचे पाहुणे" म्हणू नये. मी म्हणत होते, मी थांबले आहे.

कलम पाचवे. उरलेले दोन हिस्से दानांग आणि निकेन यांनी समसमान घ्यावेत. धर्माप्रमाणे मुलाला मुलीच्या दुप्पट मिळते हे मला माहीत आहे. पण आमच्या घरात भावंडे समोरासमोर बसून राजीखुशीने सारखे वाटून घेतात, आणि दानांगने तसे कबूल केले आहे. सहजी केलेले नाही, तेही सांगते.

एका गोदामवाल्या कंपनीला आमची गल्ली हवी आहे. दानांगने बोलणी जवळजवळ पक्की केली होती. मी चौथे कलम त्याला वाचून दाखवले तेव्हा तो उभाच राहिला.

"ज्या माणसानं आपल्याला बुडवलं त्याला वाटा? आई, तुला कळतंय का काय करतेस?"

मी त्याला भट्टीवरची हकिकत सांगितली.

"बाबा असं करणार नाहीत."

"का नाही करणार? माणूसच होते."

"हे त्या गृहस्थांनी तुझ्या डोक्यात भरवलंय. बाबा मेल्यावर काय, काहीही सांगता येतं!"

"त्याला सांगायचं असतं तर तो आला त्याच दिवशी बोलला असता. सात वर्षं माझं ऐकत फरशी पुसली नसती."

तो कॉफी तशीच टाकून निघून गेला. रमजानचा अख्खा महिना आला नाही. फोन केला की सूनबाई म्हणायची, "ते बाहेर गेलेत." ईदच्या सकाळी मात्र आला. माझ्याकडे न येता थेट मागच्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतले. आत काय बोलणे झाले ते मला कोणी सांगितले नाही, मीही विचारले नाही, हे मला किती जड गेले ते माझे मला ठाऊक. निघताना हार्तोयो दारापर्यंत आला. माझ्या पन्नाशीकडे झुकलेल्या मुलाने वाकून त्याचा हात हातात घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "येतो काका."

घराबद्दल मुलांना माझे एवढेच सांगणे आहे: हार्तोयोच्या पश्चात ते खुशाल विकावे. गोदाम होऊ दे नाहीतर मासळीची तळी. मला या घराची माया नाही. आलो त्या आठवड्यापासून मला येथून जायचे होते.

कलम सहावे. मला मार्सुदींच्या शेजारी पुरावे. मध्ये अंतर ठेवू नये. मला त्यांना काही विचारायचे आहे आणि त्यासाठी ओरडावे लागू नये.

कलम सातवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निकेनने करावी. हार्तोयो माझ्या आधी वारल्यास त्याचा हिस्सा माझ्या दोन्ही मुलांकडे जाईल.

हे शेवटचे वाक्य साक्षीदारांसमोर वाचले तेव्हा हार्तोयो दाराशी उभा होता. त्याला बोलावले नव्हते.

"मला वाटा नको, वहिनी," तो म्हणाला. "आणि मी आधीच जाणार. तुमच्यापेक्षा माझा खोकला जुना आहे."

"तुला विचारलंय का?"

"नाही, पण कागद कशाला वाया घालवता?"

"आधी जायचं नाही," मी म्हटले. "या घरात मी एकटी राहिले नाहीये कधी. मला येत नाही ते."

तो आत गेला आणि साक्षीदारांसाठी चहा ठेवू लागला. लिम ग्वान होक म्हणाले, "कुस्वातीबाई, हेही लिहायचं का?" मी म्हटले, लिहायचे. म्हणून लिहिले आहे.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला, आणि त्यात बदल करण्याची इच्छा आज तरी नाही.

मृत्युपत्र करणार: कुस्वाती (सही)

आमच्यासमक्ष सही केली. आम्हा दोघांचा या मिळकतीत काहीही हितसंबंध नाही:

१. लिम ग्वान होक, घड्याळे दुरुस्त करणारे, गल्ली सहा (सही)
२. सुप्रिहातिन, निवृत्त शिक्षिका, गल्ली सहा (सही)

स्थळ: समुद्र इंदा वसाहत, सेमारांग
दिनांक: १२ मे २०२४