आर्लीनसाठी एसी

२६ जून, सकाळी ७
आर्लीन काल याकिमाला बहिणीकडं गेली. उकाड्यामुळं. टकोमात असा उकाडा वर्षातून फार तर दहा दिवस. तेवढ्यासाठी कुणी एसी घेत नाही. रात्री खिडक्या उघडायच्या, सकाळी लावायच्या, काचांना फॉइल चिकटवायचं. माझे वडील असेच जगले. आर्लीन दर जूनला एसीचं नाव काढते, मी फॉइलचा रोल काढतो. एकतीस वर्षं सुरळीत चाललं होतं.

पण काल घरात ९४ फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ माणसाच्या अंगाएवढं गरम. तिला स्वयंपाकघरात चक्कर आली. मी ताबडतोब कामाला लागलो. मेजरिंग टेप काढली, खिडक्या मोजायला घेतल्या, तिला म्हटलं दुसरं टोक धर. धरलं नाही. फरशीवर बसून राहिली. संध्याकाळी तिच्या बहिणीची, बेव्हर्लीची गाडी दारात.

निश्चय: शनिवारपर्यंत पोर्टेबल एसी. रविवारी आर्लीन परत.

२८ जून
एसी म्हणजे काही दुकानात गेलं आणि उचलून आणला अशी वस्तू नव्हे. काउंटीच्या रस्ते खात्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्टर होतो, मला कुणी फसवू शकत नाही. एका होजचा, म्हणजे हवेच्या एकाच नळीचा एसी खोलीतलीच गार हवा बाहेर फेकतो, मग दारांच्या फटींतून बाहेरची गरम हवा आत येते. एका हातानं द्यायचं, दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं. म्हणून दोन होजचाच. शिवाय खोक्यावर बीटीयूचे, म्हणजे गार करायच्या ताकदीचे, आकडे दोन. मोठ्या अक्षरातला जाहिरातीचा, बारीक अक्षरातला खरा.

तक्ता केला. सतरा मॉडेल, अकरा रकाने. फोनवर आर्लीनला वाचून दाखवला. सातव्या मॉडेलला म्हणाली, झोप येतेय. दुपारचे दोन वाजले होते. गारव्यात लागतेच झोप.

१ जुलै
क्रिस्टाचा स्पोकेनहून फोन. लेक हुशार, पण घाईची. म्हणाली, डॅड, तुमच्याकडं ऐंशीवर उतरलंय आणि याकिमाला आज एकशे सहा आहे, उकाड्याला कंटाळून कुणी डोंगरापलीकडं याकिमाला जातं का? मी शांतपणे समजावलं की बेव्हर्लीकडं सेंट्रल एसी आहे. ती म्हणाली, आईला एकदा सहज फोन कर, एसीचं सोडून दुसरं काहीतरी बोल.
दुसरं काय बोलायचं ते सांगितलं नाही.
तक्त्यात आवाजाचा रकाना वाढवला. आर्लीनची झोप सावध आहे.

४ जुलै
शेजारी गसकडं जेवण. प्रत्येकानं घरचं काहीतरी न्यायचं. आर्लीनचं बटाट्याचं सॅलड नसल्यानं मी चिप्स नेल्या. आर्लीन कुठाय म्हणून कुणीतरी विचारलं, म्हटलं, जरा गारव्याला याकिमाला गेलीय. सगळे खो खो हसले. गसनं पाठीवर थाप मारली. मीही हसलो. विनोद काय झाला ते कळलं नाही.
घरी आल्यावर थोडं कळलं. पण बेव्हर्लीकडं सेंट्रल एसी आहे.

१९ जुलै
निवड झाली! तीन आठवडे लागले, पण काम पक्कं. मशीन घरी. एकट्यानं पायऱ्या चढवलं. पाठ धरली.

२० जुलै
सोबतचं विंडो किट, म्हणजे होज खिडकीत बसवायची पट्टी, सरकत्या खिडकीचं. आमच्या खिडक्या हँडल फिरवून बाहेर उघडणाऱ्या. इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत मापं घेतली आणि खिडकी उघडते कशी तेवढं राहिलं. वास्तविक खिडकी रोज बघतो. एकतीस वर्षं बघतोय.
आर्लीनच्या लक्षात आलं असतं. तिला फोन लावला, उचलला नाही.

८ ऑगस्ट
प्लायवुड कापलं. दोनदा चुकलं. खिडकीत स्क्रूनं बसवलं, होजसाठी भोकं पाडली. मशीन सुरू! खोलीत ६६. याकिमाला फोन केला. बेव्हर्ली म्हणाली, आर्लीन कामावर गेलीय. म्हटलं, कसलं काम? फळं पॅक करणाऱ्या कंपनीत, ऑफिसात, आठवड्यातून चार दिवस.
चांगलं आहे. वेळ जातो.

१५ ऑगस्ट
आर्लीनचं शिवणकामाचं मासिक आलं नाही. पोस्टमन म्हणाला, त्यांची सगळी डाक आता याकिमाला जाते. पत्ता बदलायच्या फॉर्मवर 'तात्पुरता' आणि 'कायमचा' असे दोन चौकोन असतात. तिनं कुठल्या चौकोनावर खूण केली ते मी त्याला विचारलं नाही. लोकांच्या खासगी गोष्टी विचारू नयेत.

१२ सप्टेंबर
आर्लीन आली होती.
सकाळपासून मशीन चालू ठेवलं, ६४वर. बाहेर ५८, झिमझिम. ती बेव्हर्लीच्या पिकअपमधून आली. बेव्हर्ली खाली उतरली नाही. मी आर्लीनला तिच्या खुर्चीवर बसवलं, ऐन झोतासमोर. तिनं कोट काढला नाही. मी दोन होजचा फायदा सांगितला, बीटीयूचे दोन आकडे सांगितले, प्लायवुडचा जोड दाखवला. तिनं सगळं ऐकून घेतलं. पहिल्यापासून ती ऐकतच आली आहे.

मग म्हणाली, "छान झालंय, ड्वेन. पण त्या दिवशी मी फरशीवर बसले होते ना, तेव्हा मला एक ग्लास पाणी हवं होतं."

मी म्हटलं, तेव्हा सांगायचंस ना.

"सांगितलं होतं रे. दोनदा."

मी खूप आठवून बघितलं. मला टेपवरचा आकडा आठवतो, साडेतेवीस इंच. तिचा आवाज आठवत नाही.

शिलाई मशीन आणि दोन सूटकेस घेऊन गेली. याकिमाला भाड्यानं घर घेतलंय म्हणाली. जाताना माझ्या गालाला हात लावला. हात गारठला होता.

१४ सप्टेंबर, दुपारी
एसी परत द्यायला दुकानात. काउंटरवर डोलोरेस नावाची बाई. बिघडलाय का? नाही. आवाज करतो? नाही, उत्तम आहे. मग परत का? फॉर्मवर कारण लिहावंच लागतं म्हणाली. मागं रांग. मी म्हटलं, खोलीसाठी मोठा होतोय.
तिला खरंच मदत करायची होती. मशीनचं माप दोन माणसांचं धरतात, वर एकेक माणूस वाढला तर मोठं घ्यायचं, असं तिनं समजावलं. मला हे पाठ आहे. मग विचारलं, खोलीत माणसं किती असतात?
म्हटलं, एक.
तिनं लिहून घेतलं. सहीसाठी फॉर्म पुढं केला. सही केली. आणखी काही हवंय का म्हणून विचारलं.
मला आर्लीन हवी आहे. इतके फोन केले, हे एकाही फोनवर म्हणालो नाही.
म्हटलं, नाही, एवढंच.