भिंतीबाहेरची जागा

सान रोसेंदो, ९ मार्च १९५७

ती. एलिसेओदादास,
धाकट्या एर्मेन्सियाचा सा. न.

पत्राला उशीर झाला. बटाटे काढायचे होते. पीक बरं आहे, खालच्या वावरात तेवढी कीड लागली. अब्दोनची पाठ धरली आहे, पण माझा नवरा बसून राहणाऱ्यातला नाही, तुला माहीतच आहे.

बाळ मंगळवारी झालं. मुलगी. श्वास नव्हता. सुईण त्रान्सितोबाईंनी पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, गरम पाण्यात धरलं. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, देवळात सगळ्यांच्या कपाळाला राख लावायची, त्यामुळे फादर लिसांद्रो घाईत होते. म्हणाले, बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा दफनभूमीत नाही, भिंतीबाहेर, निलगिरीपलीकडच्या पडीक तुकड्यात. अब्दोन एकटाच पेटी घेऊन गेला. परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर राख होती आणि हातांना माती.

मी रडले नाही. कुणाला सांगू नकोस. दूध येतं, कोबीची पानं बांधते. मक्याच्या भाकऱ्या भाजते. अंग दुसऱ्या कुणाचं तरी असावं असं वाटतं, बाकी काही नाही. फक्त एक गणित डोक्यात बसलंय. देव दयाळू. तिला त्यानेच घडवलं. पाप करायला तिला सवडही मिळाली नाही. मग ती बाहेर का? तू स्वतः फादर आहेस, सेमिनरीत फादर व्हायला आलेल्या पोरांना तर्कशास्त्र शिकवतोस, तर एवढं मला सोडवून दे. रागाने विचारत नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

अब्दोनचा नमस्कार. आमच्यावर माया आहे तशी राहू दे.
तुझी,
एर्मेन्सिया

---

बोगोता, १७ मार्च १९५७

चि. एर्मेन्सियास,
दादाचे अ. उ. आ.

तुझे पत्र वाचून दोन दिवस कशात लक्ष लागले नाही. तिच्यासाठी, म्हणजे तुम्हा दोघांसाठी, मी दोन मिस्सा केल्या.

तुझा प्रश्न नवा नाही. थोर माणसांनी त्यावर डोकी झिजवली आहेत. बाप्तिस्म्यावाचून गेलेली बालके लिंबोत जातात. तिथे यातना नाहीत, थंडी नाही, भूक नाही. फक्त देवाचे दर्शन नाही. आणि जे कधी पाहिलेच नाही त्याची उणीव तिला भासणार नाही. हे तुला विसंगत वाटते, कारण तू खालच्या मजल्यावरून वरची खोली पाहू पाहते आहेस. श्रद्धा बुद्धीच्या विरुद्ध नसते, एर्मेन्सिया, ती तिच्या वर असते. काही गोष्टी समजल्यावर मानायच्या नसतात. आधी मानायच्या, मग कधीतरी समजतात.

तू लहानपणीही अशीच. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी, वाटेत पाऊस तोंडात गेला तर उपास मोडतो का, असे विचारून सिस्टरना रडकुंडीला आणलेस. त्या अजून भेटल्या की तुझी चौकशी करतात, जरा घाबरूनच.

जपून राहा. ओझी उचलू नकोस. अब्दोनला आशीर्वाद, आणि दोघांनी मला प्रार्थनेत ठेवावे.
तुझा,
एलिसेओदादा

---

सान रोसेंदो, २ एप्रिल १९५७

ती. दादास, सा. न.

तुझं पत्र अब्दोनला वाचून दाखवलं. म्हणाला, अक्षर फार सुंदर आहे.

दूध थांबलं. त्रान्सितोबाई परवा येऊन गेल्या. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, पोरी, मी फादरना सांगते की मुलीने बोट हलवलं आणि मी लगेच डोक्यावर पाणी घातलं. दोघींच्या तोंडून एकच यायला हवं, एवढंच. मी म्हटलं, पण हललं नव्हतं ना. तर हसल्या. म्हणाल्या, भिंतीच्या आत जी पोरं झोपली आहेत त्यांतली निम्मी माझ्या या एका बोटावर आत गेली आहेत.

दादा, तेव्हापासून गणित आणखी बिघडलंय. खोटं बोलले तर मुलगी आत, खरं बोलले तर बाहेर. देव त्रान्सितोबाईंच्या बोटाला फसत असेल, तर तो कसला देव? आणि फसत नसेल, तर भिंत कुणासाठी?

फादर लिसांद्रोही येऊन गेले. दोन वाट्या सूप प्यायले आणि म्हणाले, इतका विचार करू नकोस, विचाराने बाईचं दूध आटतं. मी वाट्या विसळल्या. रविवारी ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठले नाही. रुसून नाही. पाय उचलले नाहीत, एवढंच. सोमवारी वेदीवरच्या चादरी धुवायचं काम त्यांनी दुसरीला दिलं. बायका विहिरीवर माझ्याशी जपून बोलतात, मला ताप असल्यासारखं.

अब्दोन म्हणतो, एक शब्द बोलायचाय, त्यात तुझं काय जातं. रोज म्हणतो. काय करू ते कळव. तुझा आधार आहे तसाच राहू दे.
एर्मेन्सिया

---

बोगोता, ११ एप्रिल १९५७

चि. एर्मेन्सियास, अ. उ. आ.

घाईत लिहितो आहे. त्रान्सितोबाईंना बोलू दे. तू काहीच बोलू नकोस; गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. जिथे शंकेला जागा असते तिथे धर्म नेहमी बाळाच्या बाजूने झुकतो. अब्दोनचे मन राख. हा प्रश्न आता मिटू दे. मी तुला मोठा भाऊ म्हणून सांगतो आहे, प्राध्यापक म्हणून नाही.

ईस्टरचा आनंद तुमच्या घरी येवो. लोभ ठेव.
दादा

---

सान रोसेंदो, २५ एप्रिल १९५७

ती. दादास, सा. न.

तू सांगितलंस तसं गप्प राहिले होते. त्रान्सितोबाई बोलल्या, फादरनी मान डोलावली, मंगळवारी पेटी आत आणायचं ठरलं. अब्दोनने दाढी केली, नवा लोकरी रुआना खांद्यावर घेतला. आत, त्याच्या आईशेजारी, त्याने स्वतः खड्डा खणला. बरीच माणसं जमली होती.

मग फादरनी वहीत लिहायच्या आधी मला विचारलं, की मुलगी हलली होती ना. विचारायची गरज नव्हती, पण विचारलं. मी नाही म्हटलं. तिने बोट हलवलं नाही, ती आली तेव्हा गेलेलीच होती. फादर हळूच म्हणाले, मग तू देवाचं सांगणं मानत नाहीस तर. मी म्हटलं, देवाला मानते. ती बाहेर आहे हे मानत नाही. ते म्हणाले, बाई, हे दोन्ही एकत्र ठेवता येत नाही, आमचं दुकान नाही हे, की एक घेतलं आणि एक परत केलं. मी म्हटलं, ठेवते आहे.

अब्दोन फावडं घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पेटी उचलून परत बाहेर नेली आणि तिथून थेट त्याच्या भावाकडे गेला. दोन दिवस झाले. कोंबड्यांना दाणे घालायला सकाळी येतो, माझ्याशी बोलत नाही.

तुला काही विचारायचं नाही. कळवावं म्हणून लिहिलं.
एर्मेन्सिया

---

बोगोता, १९ मे १९५७

एर्मेन्सिया,

आशीर्वाद वगैरे लिहायला हात धजत नाही. तीन कागद फाडून हा चौथा घेतला आहे.

गेल्या महिन्यात वर्गात समुद्राकडच्या एका विद्यार्थ्याने तुझाच प्रश्न विचारला. अकरा वर्षे जे उत्तर देतो तेच द्यायला लागलो. अर्ध्यात थांबलो. पुढचे वाक्य येत होते, तोंड उघडत नव्हते. फळा पुसला आणि वर्ग सोडला.

तुला एक सांगायचे राहिले आहे. तुझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. तोही तसाच. मी नऊ वर्षांचा होतो. बाबांबरोबर पेटी मीच धरली होती, त्याच पडीक तुकड्यात. आई खिडकीतून पाहत होती. बाबा म्हणाले, याबद्दल घरात बोलायचे नाही, आणि आम्ही कुणीच बोललो नाही. मी मात्र पुस्तके वाचत गेलो. ते बरोबर होते हे मला सिद्ध करायचे होते, एर्मेन्सिया. ते बरोबर नसेल तर आम्ही त्याला उगीचच बाहेर टाकून आलो होतो. सगळी विद्या मी त्या एका गोष्टीवर टेकू म्हणून लावली. तुला दोन पत्रांत जे लिहिले ते तुझ्यासाठी नव्हते.

आणि तू खोटे बोलावेस असे मी सुचवले, याची लाज वाटते.

जूनमध्ये कॉर्पुस ख्रिस्तीच्या सणाच्या सुट्टीत येतो. भिंतीबाहेर प्रार्थना म्हणेन, गळ्यात याजकाचा स्टोल घालून, उघडपणे. परवानगी मागितलेली नाही. मिळणार नाही. जमेल तर अब्दोनला सांग.
एलिसेओ

---

सान रोसेंदो, १४ जुलै १९५७

ती. दादास, सा. न.

नव्या पत्त्यावर पत्र पोचतं की नाही देव जाणे. नदीकाठच्या त्या गावात डास फार असतात म्हणे. वर्गाची आठवण येते का? तुझ्या सेमिनरीच्या रेक्टरांनी चार ओळींच्या पत्राने तुला तिकडे धाडलं, हे माझ्यामुळे झालं असं सगळे म्हणतात. मला वाईट वाटायला हवं. अजून काही वाटत नाही, दादा. हे तुझ्यापासून लपवत नाही.

तू गाडीत बसलास त्यानंतरचं तुला माहीत नाही, ते लिहिते. तू प्रार्थना म्हणत होतास तेव्हा आपण चारच माणसं होतो: तू, मी, त्रान्सितोबाई आणि जरा लांब टोपी हातात घेऊन अब्दोन. पाठीमागे देवळाची दारं फादरनी लावून घेतली, ते तू ऐकलंसच. आपल्या भावाची जागा तुला सापडली नाही म्हणून तू सगळ्या तुकड्यावर पाणी शिंपडलंस.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर मी तिथे गेले तर विहिरीवरची एक बाई उभी होती, एका दगडाजवळ. मग दुसरी आली, तिसरी आली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. प्रत्येकीला आपली जागा माहीत होती. साधं गवत होतं सगळीकडे, पण त्या न अडखळता चालत गेल्या आणि आपापल्या जागी थांबल्या. मी मोजलं नाही. सगळ्यांत शेवटी फादरची स्वयंपाकीण आली, पिठाचे हात तसेच. कुंपणाच्या कोपऱ्यात जाऊन गुडघे टेकून बसली. सत्तरीची बाई, लग्न कधी झालंच नाही. थोड्या वेळाने उठली, गुडघे झटकले आणि फादरचं जेवण वाढायला गेली.

फादर कुणाला काही म्हणालेले नाहीत. मी मिस्सेला जाते, शेवटच्या बाकावर बसते. तिथे मला कुणी उठवत नाही. अब्दोन घरी आला आहे. बोलतो कमी, पण काल सकाळी फावडं घेऊन निघाला आणि दुपारपर्यंत आला नाही. मी भाकरी घेऊन गेले. भिंतीला हात लावायची त्याची हिंमत नाही. तो तुकड्यातलं गवत काढत होता, ओळीने, एका टोकापासून. मी शाल कमरेला खोचली आणि दुसऱ्या टोकाकडून लागले.

तब्येत सांभाळ. पाणी उकळून पी. पत्र पाठव, आणि आम्हाला तुझं म्हण.
तुझी,
एर्मेन्सिया