अकरा सेकंदांचा होकार

तीर्थरूप काकांना नमस्कार, आणि काकूला वाकून.

जिना चढताना तुमचा डावा गुडघा आता कुरकुरत नसावा, चष्म्याचा नवा नंबर मानवला असावा, आणि निवृत्तीनंतरही तुमच्याकडे प्रुफे पाठवण्याची चांगली सवय छापखान्याने सोडलेली नसावी, अशी आशा आहे. माझी प्रकृती ठीक आहे. (भूक कमी आहे, त्याचे कारण पुढे येईल.)

आधी शुद्धिपत्र. गेल्या पत्रात, पान दुसरे, ओळ सातवी, ‘माझा माहितीपट संपला तेव्हा सगळे सभागृह उभे राहिले’ याऐवजी ‘वर्गातले सतरा जण उभे राहिले, कारण तास संपला होता’ असे वाचावे. टाळ्या मात्र खऱ्या होत्या. त्या खऱ्या होत्या हीच तर अडचण आहे, आणि ती सांगायलाच हे पत्र लिहायला बसले आहे.

तुम्हाला वाटते की इथे आम्ही दिवसभर सिनेमे बघतो. (काकूला तर वाटते की मी टीव्हीवर बातम्या वाचणार, आणि त्यासाठी तिने स्वतःचे मोत्याचे कानातले काढून ठेवले आहेत.) प्रत्यक्षात आम्ही दिवसभर तारा गुंडाळतो. कॅमेऱ्याची तार, दिव्याची तार, माइकची तार, आणि एक तार जी कशाची आहे ते दोन वर्षांत कोणाला कळलेले नाही, पण हरवली तर सगळे ओरडतात. पहिल्या सहामाहीत मला एका वर्गमित्राच्या लघुपटावर सलगता सांभाळायचे काम मिळाले. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी चित्रित होतो, तेव्हा पेल्यातले पाणी, शर्टाची बटणे, भिंतीवरचे घड्याळ जिथल्या तिथे आहे ना, हे बघायचे. म्हणजे प्रूफ तपासणेच, फक्त अक्षरांच्या जागी माणसे. मी जीव ओतला. नायकाच्या पेल्यात पाणी दोन बोटे कमी भरले, मी थांबवले. नायिकेच्या कपाळावरची बट उजवीकडून डावीकडे गेली, मी थांबवले. चौदाव्यांदा थांबवल्यावर दिग्दर्शकाने हात जोडले आणि म्हणाला, “बाई गं, तू बाहेर जाऊन आकाशाची सलगता बघ.” मी गेले. तासाभराने ढगांची वेळवार यादी करून आणून दिली. तेव्हापासून वर्गात माझे नाव ‘प्रूफबाई’ पडले. मला ते लागले नाही, काका. आईबाबांच्या बदल्यांपायी नऊ वर्षांची होईपर्यंत मला एक शाळा अशी मिळालीच नाही, मधले महिने मी तुमच्याकडेच असायचे. तुमच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, जुन्या प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी अक्षरे गिरवली. बाकीची मुले बागुलबुवाला घाबरायची, मी चुकलेल्या वेलांटीला.

आता माहितीपट. विषय होता ‘घरातला एक कामकरी माणूस’, म्हणून सुट्टीत तीन दिवस मी तुमच्यासमोर कॅमेरा लावून बसले. पहिल्या दिवशी तुम्ही त्याच्याकडे दाताच्या डॉक्टरकडे बघावे तसे बघितले, दुसऱ्या दिवशी त्याच्यावरची धूळ पुसली, तिसऱ्या दिवशी तो तिथे आहे हे विसरलात. त्या तिसऱ्या दिवशी मी शेवटचा प्रश्न विचारला, “काका, मी हे शिकायला गेले, ते तुम्हाला पटलं का?” (दोन वर्षांपूर्वी मी घरातून निघाले तेव्हा तुम्ही “शुद्धलेखन सोडू नकोस” एवढेच म्हणाला होतात. त्यात होकार आहे की नाही, हे मी अजून तपासते आहे.) तुम्ही लाल पेन्सिल खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, घातला. खिडकीकडे पाहिले. अकरा सेकंद गेले. मी नंतर मोजले. संकलनाच्या यंत्रावर एकेका सेकंदाची पंचवीस चित्रे दिसतात. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू म्हणाली, “अहो, चहा टाकू का?” तुम्ही डोळे मिटून, सावकाश, अगदी मनापासून मान हलवलीत. मग माझ्याकडे वळून म्हणालात, “‘पटलं का’ की ‘पटतं का’? आधी काळ ठरव.” आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

इथे येऊन मी संकलनाला बसले. काकूचा आवाज वगळला. काळाचा मुद्दा वगळला. याखेरीज काही केले नाही, काका, एक चित्रसुद्धा इकडचे तिकडे केले नाही. फक्त दोन ठिकाणची वाक्ये काढली, आणि चहाला दिलेला होकार माझ्या शिक्षणाला मिळाला.

वर्गात दाखवला. संकलन शिकवणाऱ्या बाई एरवी कोणाचेही काम बघून “लांबलंय” एवढेच म्हणतात. त्या दिवशी त्यांनी बराच वेळ दिवे लावू दिले नाहीत. मग म्हणाल्या, “काय मान हलवलीय माणसानं! एका शब्दाशिवाय सगळा विरोध मागे घेतला.” माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण, जिला आम्ही ‘फोकस’ म्हणतो (हाक मारली की ती तुमच्याकडे बघते लगेच, तुम्ही तिला दिसता दोन क्षणांनी), हुंदके देत म्हणाली, “माझे बाबा असं कधी करणार नाहीत गं. नशीबवान आहेस मेली.” दुसऱ्या दिवशी तिने वर्षभराचा अबोला मोडून वडिलांना फोन केला. बोलणे चांगले झाले म्हणे. आता तिला मी चहाची हकिकत कोणत्या तोंडाने सांगू? त्यातच माहितीपट वार्षिक प्रदर्शनासाठी निवडला गेला. प्रदर्शन रविवारी, बावीस तारखेला, आणि अंतिम प्रत अठरा तारखेला द्यायची आहे.

लेखकाने न लिहिलेला शब्द त्याच्या तोंडी घालायचा नाही, शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह काढून प्रत त्याच्याकडे परत पाठवायची, हे तुम्हीच शिकवलेत. मी तर शब्दही घातला नाही, अख्खी मान घातली. गेले सोळा दिवस खानावळीत कोणी “अजून वाढू?” विचारले आणि मी मान हलवली, की वाटते, ही आता कोणत्या प्रश्नाला जोडली जाणार कोणास ठाऊक. म्हणून वाढून घेतच नाही.

शिवाय ते संमतिपत्र. चित्रणाला तुमची हरकत नाही असे लिहिलेला कागद मी तुम्हाला पाठवला होता. तुम्ही ‘चित्रीत’चे ‘चित्रित’ केलेत, ‘सदरहू’ दोन ठिकाणी उडवलेत, एक स्वल्पविराम घातलात, आणि सहीची जागा कोरी ठेवून परत पाठवलात. कचेरीतले कारकून म्हणाले, “दुरुस्त्या झकास आहेत, आम्ही नव्या छपाईत घेतल्या. पण सही?” मलाही तेच विचारायचे आहे. सही राहून गेली, की ठेवलीत? एरवी तुमच्या हातून काही राहून जात नाही.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जपा.

तुमची पुतणी
(वर्गात प्रूफबाई)

ता. क. नवे संमतिपत्र सोबत आहे. ते तुमच्याच दुरुस्त्यांचे असल्यामुळे सही सोडून त्यात काही उणे सापडू नये.

ता. क. (काकूसाठी) तुझा आवाज मी जागच्या जागी परत ठेवला आहे. छान आला आहे. पण मी येईन त्या दिवशी चारचा चहा साडेतीनलाच उरकून घे. मी प्रश्न विचारल्यावर चहा, साखर, दूध उतू जाणे, यांतले काहीही मोठ्याने बोलायचे नाही. उतू गेले तर जाऊ दे.

ता. क. आणखी एक शुद्धिपत्र, याच पत्राचे. ‘कॅमेऱ्याची बॅटरी संपली’ याऐवजी ‘मी कॅमेरा बंद केला’ असे वाचावे. बॅटरी निम्मी शिल्लक होती. काळाचे विचारून झाल्यावर तुम्ही पुढे काहीतरी बोलायला तोंड उघडले होते, काका, आणि मला ते ऐकायची भीती वाटली. आता काळ ठरवला आहे. ‘पटतं का’. उत्तर ‘नाही’ असले तरी ते तुमचे असेल, आणि अंतिम प्रतीत तेच जाईल. फोकसलाही मग मीच सांगेन. या वेळी बटणाला हात लावणार नाही. कॅमेरा घेऊन येते आहे: शनिवार, चौदा तारीख, दुपारी चार.