लाळेतल्या खुणा

प्रिय धाकटे,

घर सोडताना तू पत्ता कुणालाच दिला नाहीस, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहणार. तरी लिहिते.

माझ्या लेकीला पाळी आली की ती पोट धरून गडाबडा लोळायची. सोनोग्राफीत काही दिसेना. आई म्हणाली, "अगदी मावशीवर गेलीय. तशीच नाटकं!" तेव्हापासून पोरीनं कण्हणंसुद्धा बंद केलं.

दुर्बिणीनं पोटात पाहिल्याशिवाय खात्री नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण ऑपरेशनचं नाव काढलं की लेक रडायची. मग बाईंनी एका संशोधनात तिचं नाव घातलं. लाळेतल्या सूक्ष्म रेणूंवरून हा आजार ओळखता येईल का, हे तिथं तपासत होते. ती नळीत थुंकली आणि म्हणाली, "एवढंच?"

खुणा सापडल्या. "चाचणी नवी आहे, तिच्यावरच विसंबता येणार नाही," बाई म्हणाल्या, "पण आता आत बघायला कारण आहे." या वेळी लेक स्वतःहून तयार झाली. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर आतड्याला चिकटून बसला होता. एंडोमेट्रिऑसिस.

हा आजार एकाच घरातल्या बायकांना होऊ शकतो, हे मी आईला सांगितलं. ती उठली. मग नातीच्या पलंगावर जाऊन बसली, तिचा हात धरून म्हणाली, "माझं चुकलं गं." पण हाक तिनं तुझ्या नावानं मारली.

लेकीनं तिची चूक दाखवली नाही. "असू दे, आई," एवढंच आजीला म्हणाली.

तुझी,
ताई