पांढरी पाच, काळी चार आणि मधली फट

आणि "तू मरणाच्या गोष्टी करणार असशील तर मी फोन ठेवते" हे काय उत्तर झालं का, ताई? मी मागितलं काय होतं, तुझ्या आधार कार्डाचा फोटो. कंपनीच्या फॉर्मवर वारस म्हणून एक नाव लिहायचं असतं, सगळेच लिहितात. पुढच्या महिन्यापासून माझी ड्युटी रिफायनरीच्या चिमणीवर आहे, स्कॅफोल्डिंग म्हणजे लोखंडी परांची बांधायला. उंचीवरच्या कामाला पगार जास्त, तसे फॉर्मही जास्त. त्यावर तू म्हणालीस, "चिमणीवर चढायचं नाही. मी पीएचडीतून नाव काढून घेते, राहनाळच्या गोडाऊनमध्ये नोकरी धरते, तू खाली उतर आणि घरी ये." मी म्हणालो, एवढी वर्षं घासून शेवटचं प्रकरण राहिलं असताना कोण नाव काढतं. तू म्हणालीस, "मी काढते." दिवाळीपासून हेच चाललंय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून आता असं काहीतरी लिहितो जे मध्येच कट करता येत नाही.

तर मी, विकी यादव भालेराव, वय सत्तावीस, राहणार शेलार, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, सध्या मुक्काम कंपनीचा कॅम्प, दुक्म, ओमान, शिक्षण सातवी पास आणि आठवीत काही दिवस, धंदा स्कॅफोल्डर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि शुद्धीत लिहून ठेवतो. मला ताप नाही. दारू प्यायलेलो नाही, कॅम्पात मिळतही नाही. कोणाचा दबाव नाही. बहिणीचा राग आलेला आहे, पण राग दबावात धरत नाहीत असं माझ्या खोलीतला रियाझ म्हणतो, आणि त्याचा चुलता भिवंडी कोर्टाबाहेर टायपिंग करतो. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, करण्यासारखं काही नव्हतं. शुद्धलेखन ताईने तपासावं. अर्थ तपासू नये.

कलम एक. घर.

शेलारच्या घरात आईचा, ताईचा आणि माझा असे तीन सारखे हिस्से आहेत. माझा हिस्सा मी धम्मदिना यादव भालेराव हिला देतो. आई जाईबाई हयात असेपर्यंत तिथेच राहील आणि आताप्रमाणेच दोघांवर ओरडेल. मी नसल्यास माझ्या वाटणीचं ओरडणंही ताईने ऐकून घ्यावं.

मागच्या खोलीच्या भिंतींना ताईने लूमच्या चिंधीची पोती लावून घेतली आहेत, ती पदवी मिळेपर्यंत कोणी काढू नयेत. आईला तिथे कपाट ठेवायचं आहे हे मला इथे बसूनही कळतं.

पोती कशाला, असं रियाझने विचारलं, म्हणून ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. ताईचा अभ्यास माणसाच्या गाण्याच्या आवाजावर आहे. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेजारी आयुष्य काढलेले लोक कसे गातात ते ती मशीन लावून मोजते. त्यासाठी बाहेरचा आवाज आत न येणारी खोली लागते, आणि आमच्या गल्लीत असली खोली म्हणजे वाळवंटात मासे मागण्यासारखं. तरी तिने केली. पहिल्यांदा आईला आत बसवून गा म्हणाली, तर आईला सूरच सापडेना. एरवी चौदा एप्रिलला माईक बंद पडला तरी मागच्या रांगेपर्यंत पोचणारी बाई, तिथे बसून नुसती खाकरत राहिली.

"भिंती बहिऱ्या केल्यास गं तू," आई म्हणाली. "आता मी गाऊ कोनासाठी?"

कलम दोन. पेटी, आणि तिच्यावरून झालेलं भांडण.

आमचे वडील कालकथित यादव भालेराव यांची भीमगीतांची गायन पार्टी होती. बाबा गायचे, आई आणि मी कोरसला, आणि पेटीवर आईचे भाऊ नरेंद्रमामा. रियाज आमच्या पडवीत. मामांनी पांढरी पाच धरली की म्हणायचे, "यादव, वर चाललास." तिच्या शेजारची, अर्ध्या सुराने वरची काळी चार धरली की म्हणायचे, "यादव, खाली आलास." बाबांचं उत्तर ठरलेलं होतं, "मी जागेवर हाय. तुझी पेटी फिरतेय." पेटी कल्याणला दुरुस्तीला गेली. दुरुस्तीवाला म्हणाला, पेटी ठणठणीत आहे, गाणारा दाखवून घ्या. शेवटी एका बुद्ध जयंतीला मामा भर कार्यक्रमात पेटी मिटून स्टेजवरून उतरले आणि पार्टी संपली. बाबा गेले तेव्हा मामांनीच पहिला खांदा दिला, सगळं केलं, आणि परत येऊन पायऱ्यांवर बसून म्हणाले, "मानूस सोन्याचा. पन सुरात नव्हता." ते वाक्य आईने अजून पचवलेलं नाही.

तर त्या बहिऱ्या खोलीत आई गाईना, तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून ताईने हेडफोनवर मागच्या लूमचा आवाज लावून दिला. आईने झटक्यात सूर पकडला. ताईच्या स्क्रीनवर तो सूर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या बरोबर मधल्या फटीत आला. मग तिने मोबाईलवरची बाबांची जुनी गाणी मोजली. तीही त्याच फटीत. मग पडवीमागचा मनोजशेठचा लूम मोजला. खटखट वेगळी, तिच्या खाली मोटारींची जी एकसारखी घूं असते ती पकडली, तर तीही तिथेच. म्हणजे आम्ही सगळे इतकी वर्षं भिंतीकडून सूर घेत होतो आणि मामा एकटे पेटीकडून. कोणीच चुकत नव्हतं.

हे ताईचं तिसरं प्रकरण आहे. मी तीनदा वाचलं, समजलं एकदाही नाही, पण हे एवढं कळलं.

पेटीत बाबांचे निम्मे पैसे होते. ती निम्मी पेटी मी नरेंद्रमामांना देतो, म्हणजे आता ती पूर्ण त्यांची. अट अशी की त्यांनी तिसरं प्रकरण ताईकडून ऐकून घ्यावं आणि "सुरात नव्हता" हे वाक्य परत घ्यावं. चारचौघांत नको. आईसमोर घेतलं तरी पुरे.

कलम तीन. माझा आवाज.

ताईने ज्यांचे आवाज घेतले त्यांना नंबर दिले आहेत. मी नंबर अकरा, "पुरुष, कोरस". माझ्यापुढे तिने "स्वर टिकवून धरण्याची क्षमता कमी" असं लिहिलंय. सख्ख्या भावाबद्दल विद्यापीठात असं लिहायला हिंमत लागते. तरीही तो आवाज मी तिला कायमचा देतो. तिने तो विद्यार्थ्यांना ऐकवावा, तुकडे करावेत, त्याचे डोंगरासारखे ग्राफ काढावेत. माझं स्वरयंत्रही अभ्यासाला लागलं तर काढून घ्यावं, मला त्याचं पुढे काही काम नसेल. फक्त मी नसल्यास पहिलं वर्षभर नंबर अकरा आईच्या कानावर पडू देऊ नये. त्यासाठी हेडफोन आहेत.

कलम चार. हत्यारं आणि गाडी.

पट्टा, हेल्मेट, हार्नेस कंपनीचं. पाना माझा स्वतःचा आहे, तो रियाझला देणार होतो. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असा नियम त्यानेच सांगितला, आणि सांगून झाल्यावर तो बराच वेळ पान्याकडे बघत राहिला. शेवटी साक्षीदारच झाला. मोटरसायकल आईच्या नावे करावी. ती चालवणार नाही, पण तिच्यावर पापड वाळत घालायला तिला हक्काची जागा होईल, आताही ती घालतेच.

कलम पाच. ताईचे तीन गाईड.

हा अभ्यास इंजिनिअरिंगचा, फिजिक्सचा आणि गायनाचा असल्यामुळे गाईडही तीन आहेत. त्यांना देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, पण त्यांची आठवण इथे नोंदवून ठेवतो. मागच्या सुट्टीत ताईने आईला त्यांच्यापुढे गायला नेलं, तेव्हा स्पीकर उचलायला मी बरोबर होतो. इंजिनिअरिंगच्या सरांनी विचारलं, "मशीन कुठे आहे?" ताईने खुर्चीत बसलेल्या आईकडे हात केला.

आईने मला हळूच विचारलं, "काय म्हनतात रं ते?"

"तुला मशीन म्हणतायत."

"मंग तेल घाला म्हनावं. घसा सुकलाय."

सरांनी ते ऐकलं आणि स्वतः जाऊन चहा आणला. चांगले आहेत. गायनाच्या मॅडमनी आईचा हात धरून ठेवला आणि फिजिक्सचे सर डोळे मिटून ऐकत होते की झोपले होते, हे अजून ठरलेलं नाही. पण इंजिनिअरिंगच्या सरांनी चहा पाजून मेख मारलीच. हेडफोनवरच्या आवाजाने सिद्ध होत नाही म्हणाले. गाणारे पडवीत बसवा, खरा लूम चालू करा, बंद करा, पुन्हा चालू करा, आणि सूर त्याच्याबरोबर सरकतो का ते दाखवा. मग मी सही करतो.

इथे सगळं अडलं आहे. रोज गल्लीतले सगळेच लूम चालू असतात, त्यात एकाचा परिणाम वेगळा कसा काढणार. शुक्रवारी सगळे बंद असतात, तेव्हा फक्त मनोजशेठचा लावला तर जमेल. पण सुट्टीच्या दिवशी कारागिरांना बोलवायचं म्हणजे दुप्पट मजुरी, वर वीज. आणि डिसेंबरअखेर मनोजशेठ लूम भंगारात काढून तिथे गोडाऊन बांधतोय. ताई त्याच्याकडे गेली तेव्हा तो म्हणाला, "कापड नको, नुसता आवाज पायजे? आवाज फुकट हाय गो. कारागीर फुकट न्हाय." ताईची फेलोशिप संपलेली. ती घरी आली, आणि तिला एकदम माझ्या चिमणीची काळजी वाटायला लागली.

ताई, मी आठवीत शाळा सोडली म्हणून मला एवढंही कळणार नाही असं समजू नकोस. काळजी खरी आहे, ते मला माहीत आहे. पण तिचा मुहूर्त मी ओळखला.

कलम सहा. अट.

धम्मदिना हिने पीएचडीतून नाव काढून घेतल्यास कलम एक रद्द समजावं. मग माझा हिस्सा नरेंद्रमामांना जावा, आणि त्यांनी मागच्या खोलीतली पोती काढून तिथे रोज पहाटे पेटीचा रियाज करावा. पांढरी पाचवरच. मामांना ही अट आवडेल, म्हणून त्यांना आधी सांगू नये.

आता हे थोडं नीट लिहितो, कारण कागद उरला आहे.

तू म्हणतेस चिमणी उंच आहे. आहे. मलाही खाली बघून भीती वाटते, वाटत नाही म्हणणारे खोटं बोलतात. हार्नेसला दोन हुक असतात, एक सोडताना दुसरा लावलेला असतो, आणि मी उडाणटप्पू असलो तरी हुकाच्या बाबतीत नाही. पण माझं बघ. लूमवर कांड्या भरल्या, सोडल्या. राहनाळला गोडाऊनमध्ये माल चढवला, सोडलं. टेम्पोवर क्लीनर झालो, मोबाईलच्या दुकानात बसलो, तिथेही खुर्ची गरम व्हायच्या आत उठलो. बाबा म्हणायचे, याच्या बुडाला चाकं आहेत. मी काही शेवटपर्यंत नेईन याची आशा आपल्या घरात कोणी धरलेली नाही, मीही नाही, आणि त्याचं मला फार वाईटही वाटत नाही. मला फिरायला आवडतं. पण मी असा मोकळा फिरू शकलो ते घरात तू एका जागी बसून काहीतरी पूर्ण करत होतीस म्हणून. कॅम्पात कोणी विचारलं, घरी कोण असतं, तर मी आधी ते सांगतो. तू उठलीस तर मला सांगायला काय राहिलं? गोडाऊनमध्ये नोकरी करणारी बहीण सगळ्यांनाच आहे. त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी कोणाला आपल्या आईला मशीन म्हणून खुर्चीत बसवावं लागलं नव्हतं.

आणि लूम गेल्यावर तो सूर कुठे ऐकायचा? भिंतीपलीकडे गोडाऊन आलं की आई त्या पडवीत गाईल आणि तिलाही सापडणार नाही. मग बाबा सुरात होते हे सांगणारं तुझ्या पुस्तकाशिवाय दुसरं कोण राहणार आहे?

एवढंच. हे मृत्युपत्र मी वाचलं, रियाझने हिंदीत समजून घेतलं, कॅम्पातल्या राघोने मराठीत ऐकलं आणि मध्ये दोनदा हसला, ते साक्षीदाराला शोभत नाही हे मी त्याला सांगितलं आहे. दोघांनी माझ्यादेखत आणि मी त्यांच्यादेखत सही केली.

विकी यादव भालेराव (सही)

साक्षीदार
१. रियाझ अन्सारी, शांतीनगर, भिवंडी (सही)
२. राघो भोईर, खारबाव, तालुका भिवंडी (सही)

ठिकाण दुक्म, ओमान
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

सह्यांच्या खाली लिहिलेलं मृत्युपत्रात धरत नाहीत, असं रियाझ म्हणतो. म्हणूनच हे इथे लिहितो, कारण हे मी मेल्यावर द्यायचं नाही. काल मनोजशेठला फोन केला. आधी तो मजुरी, वीज, कारागिरांचं जेवण सगळं धरून मोठा आकडा बोलला. मग म्हणाला, "त्या बुकात माझ्या लूमचं नाव टाकंल का रं ती?" मी तुला न विचारता हो म्हणालो. म्हणाला, "भंगारात तर जायाचेच हायत, बुकात तरी ऱ्हाऊ दे," आणि आकडा खाली आला. अठ्ठावीस तारखेचा शुक्रवार तुझा आहे, सकाळपासून. गाणाऱ्यांना सांग, मामांनाही बोलाव, पेटी घेऊन. चिमणीच्या कामाचा ॲडव्हान्स मी उचलला आहे, त्यामुळे त्यावर आता भांडून उपयोग नाही. आईला जय भीम. तुझ्या खात्यावर आज पाठवले रुपये चौदा हजार पाचशे फक्त.