‘काढ’ म्हणजे नेमकं काय?

प्रिय ताई,

माझं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. सात महिन्यांचा अबोला मीच ओढवून घेतला, तेव्हा तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाच.

आपली मराठी प्रोग्रॅमिंग भाषा घडवताना एकेका मेथडच्या, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञेच्या, नावापायी तू तीन-तीन दिवस घालवायचीस. फळ्यावर नाव लिहायचं आणि जिन्यात भेटेल त्याला धरून विचारायचं, की कॉम्प्युटरला ही आज्ञा दिली तर काय होईल? खालच्या शिंप्याने ‘उलटव’ म्हणजे कापड आतलं बाहेर करणं असं सांगितलं, तर तू ते नाव मुकाट्याने पुसलंस. आणि मी सगळ्यांना सांगत सुटायचो, की आमच्या ताईला नावं ठेवण्यापलीकडे काही येत नाही!

मग ते ‘काढ’ आलं. यादीतली नोंद कायमची नाहीशी करणाऱ्या मेथडला मला ते आखूडसं नाव हवं होतं. तू म्हणालीस, माणूस केर काढतो, चित्र काढतो, खोड्या काढतो, कपाटातून शालही काढतो. यातलं तुझं कुठलं? मी हसण्यावारी नेलं आणि तू दोन दिवस बाहेर गेलीस तेव्हा परस्पर ते नाव घालून मोकळा झालो. परत येऊन तू टेबल आवरलंस नि दुसरी नोकरी धरलीस. तेव्हाही चूक तुझीच वाटली मला. काय म्हणावं या अकलेला!

गेल्या आठवड्यात आईला आपली भाषा शिकवली. बाबा जाण्याआधी तिच्यासाठी फोनमध्ये बोलून रेकॉर्ड करून ठेवायचे ना, गळका नळ कसा आवळायचा, मोटर कशी चालू करायची, त्या सगळ्याची तिने हौसेने यादी केली. नळ गळत नव्हता, तरी तिला बाबांचं ते बोलणं ऐकायचं होतं. तिने लिहिलं, ‘गळका नळ’ काढ. आवाज पुसला गेला. दुसरीकडे कुठेच नव्हता. मी ऐकायलाच काढला होता रे, एवढंच ती म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

मेथड उघडली, तर आत तुझ्या कोडच्या चार ओळी आणि वर टीप: ‘धाकट्या, कुणीतरी फसणारच. पुसलेलं इथे जपून ठेवतेय.’ एवढी चिडली होतीस, आणि जाता जाता हे करून गेलीस! त्या ओळी चालवल्या आणि फोनमधून बाबा पुन्हा खेकसले, ‘अगं, उलटा फिरवू नकोस!’ आई हसली आणि मी रडलो. तुझ्यासारखी माणसं ही कामं करतात म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

‘काढ’ गेलं. आता ‘उघडून दाखव’ आणि ‘कायमचं पुस’ अशी दोन नावं आहेत. शिंप्याला विचारूनच ठेवली. जपलेलं परत देणाऱ्या तुझ्या चार ओळींना मात्र अजून नाव नाही. मला ‘परत ये’ सुचलं होतं. पण कोण कुणाला बोलावतंय ते त्यात कळत नाही, असं तू म्हणशील. म्हणून कळेल असं लिहितो: ताई, मी तुला बोलावतोय. परत ये.

तुझाच,
चुकलेला धाकटा