शहाऐंशीची जीप

अप्पा,

ती जीप शहाऐंशीची होती, एवढ्या एकाच गोष्टीबद्दल तुम्हाला शेवटपर्यंत शंका नव्हती. बाकी सगळ्याबद्दल होती. दूधवाल्याच्या मापाबद्दल, डॉक्टरांच्या घाईबद्दल, धरणातल्या पाण्याचे जे आकडे पेपरात येत त्यांच्याबद्दल. आणि मी पेपरात नोकरीला लागल्यावर माझ्याबद्दलसुद्धा. "छापलंय म्हणजे आपण ते मानावं असं कुणाला तरी वाटतंय," असं तुम्ही म्हणायचात. पुण्यात आल्यावर कचेरीतल्या नव्या मुलांना हे वाक्य मी माझं म्हणून ऐकवत आले. मुदतीत मजकूर देण्यात आयुष्य गेलं, पण तुम्हाला लिहायची मुदत कुणी घालून दिली नव्हती, म्हणून हे राहिलं. परवा असं काही कानावर आलं की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही शेतीखात्यातून निवृत्त झालात तेव्हा तंजावुरात नव्या मोटारींचं वारं सुटलं होतं. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत सायकलरिक्षा वळवतानाही कुणाच्या तरी ओट्याला घासायची, आणि त्याच गल्लीत लोक हप्त्यावर घेतलेल्या रंगीत गाड्या आणून उभ्या करत होते. तुम्हाला मात्र जुनी जीप हवी होती. सरकारी जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून तुम्ही ओरत्तनाडूकडची शेतं आयुष्यभर हिंडलात, आणि निवृत्तीनंतरही भातावर कीड पडली की तिकडचे लोक तुम्हालाच बोलवायचे. ऐप्पसीतल्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या पावसात कालव्याच्या बांधावरून स्कूटर जात नाही, जीप जाते, हे तुमचं कारण. कारण खरं होतं. पण इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसल्यावर एकदा तरी स्टिअरिंग आपल्या हातात यावं, असंही तुम्हाला वाटत असणार असा मला संशय आहे. तुम्ही ते कधी कबूल केलं नाहीत.

जीप कुठल्या वर्षाची घ्यावी याबद्दल तुमचा एक सिद्धांत होता, आणि तो तुम्ही मुंजीत, बारशात, श्राद्धाच्या पंगतीतसुद्धा मांडलात. नव्या बनावटीचं पहिलं वर्ष घेऊ नये, त्या वर्षी कारखाना गिऱ्हाइकाच्या जिवावर शिकत असतो. दुसऱ्या वर्षी तो चुका सुधारतो. तिसऱ्या वर्षी, माल खपतोय हे कळलं की, पत्रा पातळ करायला लागतो. तुमच्या हिशेबाने जीपला चांगलं डिझेल इंजिन मिळालं ते पंच्याऐंशीत. म्हणून घ्यायची तर शहाऐंशीची, नाहीतर पायी चालावं. हे कितपत खरं ते मला आजही माहीत नाही. आई सांबाराला फोडणी देता देता विचारायची, "नवऱ्यांचंही असंच का हो? पहिलं वर्ष सोडून द्यायचं?" त्यावर तुम्ही म्हणायचात, "तुझ्या बापाने मला पहिल्याच वर्षी उचललं. बघ, काय झालं ते."

जुन्या जीपचं खरं वर्ष कळणं अवघड होतं हेही तितकंच खरं. सरकारी लिलावात निघालेली गाडी घ्यायची, एकीचं इंजिन दुसरीत बसवायचं, वर ताजा हिरवा रंग मारायचा आणि विकताना दोन-तीन वर्षांनी तरुण करायची, असा तो धंदा होता. तो धंदा करणाऱ्यांपैकी एक आमचा मामा होता. तिरुच्चीला राहायचा, पांढरी शुभ्र वेष्टी नेसायचा, आणि कुणाशीही बोलताना त्याच्या दंडाला हात लावून बोलायचा. दंडाला हात लावणाऱ्या माणसाचा दुसरा हात कुठे आहे ते बघावं, असं तुम्ही म्हणायचात. मामाच्या मुलासाठी मला मागणी आली, तिथून हे सगळं सुरू झालं.

इथल्या माझ्या मैत्रिणी हे ऐकून दचकतात. महाराष्ट्रात मामाची मुलगी चालते, मामाचा मुलगा चालत नाही. आपण तमिळ मुलखात इतक्या पिढ्या राहिलो की मामाच्या मुलाचा हक्क आपल्याही घरांत शिरला आणि त्याला आपण तिथल्यासारखंच मुरै म्हणायला लागलो. मुरै असलेल्या मुलाला नुसतं नाही म्हणता येत नाही. कारण द्यावं लागतं, आणि ते असं द्यावं लागतं की आईला पुढेही भावाकडे जाता यावं. मुलगा पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होता, पत्रिका जुळत होती, नाकीडोळी नीट होता. तुम्हाला कारण सापडत नव्हतं आणि त्याने तुमची झोप उडाली होती.

मी न्हाणीघराच्या दाराशी केस पुसत उभी आहे आणि स्वयंपाकघरातून तुमचं बोलणं ऐकू येतंय.

"मुलात काय खोट आहे, सांगा तरी," आई म्हणते.

"मुलात नाही. मुलाच्या बापात आहे."

"तो माझा भाऊ आहे."

"म्हणूनच तुझ्याशी बोलतोय. बाहेर बोललो का कुठे?" मग तुम्ही आवाज खाली आणता, पण तुमचा खालचा आवाजही ओट्यापर्यंत जायचा. "तो पुढल्या आठवड्यात मला दाखवायला जीप आणतोय. आणू दे. मी वर्ष विचारीन. खरं सांगितलं तर मुलगी दिली. खोटं सांगितलं तर गाडी नको आणि मुलगाही नको. जो मेव्हण्याला गाडीचं वर्ष खोटं सांगतो, तो मुलाबद्दल काय काय लपवत असेल?"

"अय्यो! गाडीच्या वर्षावरून मुलीचं लग्न?"

"पत्रिकेत तरी काय असतं? वर्षच असतं."

मामा जीप घेऊन आला तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं बाहेर आली. जीप बाटलीसारखी हिरवी होती, बॉनेटवर झेंडूची माळ होती. तुम्ही धुतलेला शर्ट काढून जुना बनियन घालून आलात, तिथेच मामाने ओळखायला हवं होतं.

"वर्ष?" तुम्ही विचारलंत.

"एकोणनव्वद, भावजी. म्हणजे नवीच म्हणा."

"कागद?"

"तिरुच्चीला ऑफिसात आहेत. नावावर व्हायचेत."

"कागद नेहमी तिरुच्चीलाच असतात."

"तुम्ही मला कोर्टात उभं केलंत की हो!"

"कोर्टात शपथ घ्यावी लागते. इथे नुसतं बोलायचं आहे."

मग तुम्ही जुन्या रेडिओतून काढलेलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवलंत, गंजलेली भोकं बुजवायला लांबी कुठे भरलीय ते बघायला. नाणं वाजवून पत्र्याचा आवाज ऐकलात. तेलाची पट्टी काढून हुंगलीत. समोरच्या काचेच्या कोपऱ्यातली खूण वाचलीत आणि स्वतःशीच म्हणालात, काच खरं बोलते, पण काच बदलता येते. शेवटी गोणपाट टाकून गाडीखाली शिरलात आणि कितीतरी वेळ तुमचे फक्त पाय दिसत होते. मामा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझा बाप तुझ्या आईला बघायला आला तेव्हा मलाही असाच तपासत होता. माझ्याखाली शिरला नाही एवढंच." गल्ली हसली. तुम्ही बाहेर आलात, हात पुसलेत आणि म्हणालात, "बेस आहे. चार दिवस ठेवून जा, चालवून बघतो."

तुमचा 'बेस' मला कळायचा. काहीतरी सापडलं होतं. मामा बसने तिरुच्चीला गेला आणि तुम्ही आईला सांगितलंत की सांगाड्यावरचा नंबर घासलेला आहे, पण घासायच्या आधीचा वर्षाचा आकडा बोटाला लागतो. ही एकोणनव्वदची नव्हे, शहाऐंशीची आहे. हे सांगताना तुमचा चेहरा फार चमत्कारिक झाला होता. कारण सापडलं म्हणून समाधान होतं; आणि आयुष्यभर जे वर्ष शोधलंत तेच दारात उभं आहे आणि ते परत पाठवायचंय, याचं दुःखही होतं. तुम्ही जीपभोवती फिरत राहिलात. मी खिडकीतून तुमच्याकडे बघत होते. मला कुणी काही विचारलं नाही.

तुम्ही निरोप पाठवायच्या आधी मामाचा मुलगा आला. एकटाच, टाउनबसने. आत यायला तयार नव्हता, जीपशेजारी उभा राहिला.

"आतोबा, ही गाडी एकोणनव्वदची नाही. शहाऐंशीची आहे. बाबांनी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

तुम्ही विचारलंत, "बापाविरुद्ध कसाला सांगतोस?"

"चालवणार तुम्ही. उद्या सुटा भाग आणायला जाल आणि एकोणनव्वदचा म्हणून मागाल. तो बसणार नाही, आणि तुम्ही तेव्हा ओरत्तनाडूच्या पुढे चिखलात असाल."

"मला माहीत होतं, शहाऐंशीची आहे ते."

"तुम्हाला माहीत असणारच. पण मी सांगितलं नाही असं व्हायला नको."

तुमचा चेहरा असा सैल झालेला मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत, हात काळे आहेत हे विसरून, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर तुमची पाचही बोटं उठली. "अगं," तुम्ही आत हाक मारलीत, "जावयाला कॉफी दे."

आईने पितळी टंबलर आणता आणता विचारलं, "खोटं निघालं तर गाडी नको, मुलगाही नको, असं कोण म्हणालं होतं?"

"खोटं तुझ्या भावाने सांगितलं. याने नाही." आणि मग, "सरी, गाडीही ठेवून घेऊ. वर्ष चांगलं आहे."

लग्नात तुम्ही ही हकिगत प्रत्येक पंगतीला सांगितलीत. मामा मान खाली घालून हसायचा. तो लाजतोय असं तुम्हाला वाटायचं, मलाही वाटायचं. पुढे तुम्ही ती जीप वर्षानुवर्षं कालव्याच्या बांधांवरून चालवलीत, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीत. तुम्ही गेल्यावर आईने ती विकली, आणि विकताना गिऱ्हाइकाला आधी वर्ष सांगितलं.

परवा तुमचा जावई फोनवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत बसला होता. एका जीपवर थांबला आणि हसायला लागला. म्हणाला, आतोबांची जीप आठवते? मग सांगितलं. त्या दिवशी त्याला तुमच्याकडे मामानेच पाठवलं होतं. मामाने तुमचा सिद्धांत इतक्या पंगतींत ऐकला होता की त्याने लिलावात मुद्दाम शहाऐंशीचीच जीप शोधली. शहाऐंशीची म्हणूनच आणली असती तर तुम्ही तिच्यात दुसरं काहीतरी शोधलं असतंत. म्हणून एकोणनव्वद सांगितलं. मुलाला म्हणाला, "तुझ्या आतोबाला खोटं पकडायला आवडतं. त्याला ते एक दिवस पकडू दे. मग तू जाऊन खरं सांग. सुट्या भागाचं सांगायला विसरू नको."

मी विचारलं, "म्हणजे ते सगळं पढवलेलं होतं?"

"मी खरंच बोललो ना?" तो म्हणाला. "गाडी शहाऐंशीचीच होती."

अप्पा, तंजावुरातल्या सगळ्यात संशयी माणसाला खरं सांगून फसवलं. पहिल्यांदा मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी आलं नाही. गेल्या तीस वर्षांत त्याने प्रत्येक गोष्ट मला कळायच्या आधी येऊन सांगितली आहे. नोकरीतलं भांडण, भावाला परस्पर दिलेला शब्द, एकदा तर एका बाईबद्दल, जिच्या बाबतीत काही घडलं नव्हतं पण घडू शकलं असतं. काही सापडायची वाट मी कधी बघितली नाही, कारण तो आधीच सांगायचा, आणि याच एका गुणावर मी निवांत जगले. आता मी एकेक आठवण काढून तिच्यावर नाणं वाजवून बघते. आधी येऊन खरं सांगणं हा त्याचा स्वभाव आहे, की चोविसाव्या वर्षी बापाने शिकवलेली आणि लागू पडलेली युक्ती? तुम्ही असतात तर त्याच्याखाली गोणपाट टाकून शिरला असतात. मला ते जमत नाही. खरं म्हणजे दोन्हीतला फरक कसा ओळखायचा तेच मला कळत नाही, आणि तो त्यालाही ठाऊक असेल का, याची शंका आहे.

एक सांगायचं राहतं. तुम्ही मामाला विचारलंत, गाडीला विचारलंत, त्याला विचारलंत. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं की तो एकोणनव्वद म्हणाला असता तरी मला चाललं असतं. तो गल्लीच्या तोंडाशी बसमधून उतरला तेव्हा मी खिडकीत होते. त्याने काय सांगावं याची मी वाट बघत नव्हते, त्याने परत जाऊ नये एवढीच वाट बघत होते.

हे कुठे पाठवायचं नाहीच. आत्ताच तो कॉफी ठेवून गेला आणि एवढं काय लिहितेस, असं विचारलं. मी म्हटलं, लेख आहे, संध्याकाळपर्यंत द्यायचाय. त्याने लगेच मानलं.